पीएच.डी. झाली, मग कॉलेजात का नाही?

मागे गटाच्या बैठकीत एका काकूंनी मला विचारलं, "तुझी भाची रसायनशास्त्रात डॉक्टर झाली ना? मग कॉलेजात का नाही लागली? द्राक्षं तपासायला एवढं शिकावं लागतं होय?" खरं सांगते, मला रागच आला. पण हाच प्रश्न तिच्या आईनेही रडत विचारला होता. म्हणून आज त्यावर बोलते.

पीएच.डी. म्हणजे आजवर कुणाला माहीत नसलेली एखादी छोटी गोष्ट चार-पाच वर्षं शोधायची आणि पुराव्यानिशी मांडायची. कॉलेजात वर चढायला ती लागते, म्हणून आपल्याला वाटतं ती तेवढ्यासाठीच असते. पण हिशोब करा. एक मार्गदर्शक नोकरीभरात आठ-दहा जणांना पीएच.डी. करवतात आणि निवृत्त झाले की जागा रिकामी होते एकच. तीही लगेच भरत नाहीत. बाकीच्यांनी तासिका तत्त्वावर शिकवायचं. भाचीने दोन वर्षं तसं शिकवलं. मानधन महिनोन्‌महिने थकायचं, आणि सुट्टीत तास नाहीत म्हणून पैसेही नाहीत.

मग ती नाशिककडच्या एका प्रयोगशाळेत लागली. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांत फवारणीच्या औषधाचा अंश किती उरलाय, ते तिथे तपासतात. ज्या औषधाला युरोपात वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा असते. म्हणजे दहा-दहा टनांचे दहा ट्रक द्राक्षं, आणि त्यात एक ग्रॅम औषध! २०१० साली सीसीसीचा अंश सापडला म्हणून आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. बागाईतदार घरातल्या बायका तो हंगाम विसरल्या नसतील.

तर इथे पीएच.डी.चा उपयोग काय? यंत्राने आकडा दिला म्हणून तो खरा मानायचा नाही, ही सवय. औषध न मारलेल्या द्राक्षाचा नमुना सोबत लावायचा. मोजून औषध मिसळायचं आणि तेवढंच परत दिसतं का ते पाहायचं. एकदा एका बागेचा नमुना मर्यादेच्या वर आला. तिला शंका आली, तिने तो पुन्हा लावला. आधीच्या नमुन्याचा अंश यंत्रात राहून गेला होता. बागेचा माल गेला. त्या घराला हे कळलंही नसेल.

तिलाही नवं शिकावं लागलंच. पूर्वी एका प्रयोगाला महिना दिला तरी चालायचं, इथे कंटेनर खोळंबलेला असतो. आणि जाडजूड प्रबंध लिहिणारीला शेतकऱ्याला दोन वाक्यांत समजावून सांगायला सहा महिने लागले!

तिच्याबरोबरची एक मुलगी पेटंटच्या कामात आहे. एखादा शोध खरंच नवा आहे का, हे ती जुने कागद धुंडाळून बघते. दुसरी औषध कंपनीत आहे. तुमच्या घरची मुलगी शेवटच्या वर्षात असेल, तर प्रबंध संपायची वाट बघू नका. जिथे असं काम चालतं तिथे तिला आताच जाऊ द्या, चार जणींना विचारू द्या. आमच्या पोरीने ते उशिरा केलं.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती आली नाही. हंगाम होता, नमुने येऊन पडले होते. तिचं वाण मीच पोचवलं.