खिशातला लोहार

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. मुळशी तालुक्यातल्या घनगडावर आम्ही घरची चार मोठी माणसे आणि दहा वर्षांचा भाचा असे गेलो होतो. गड लहान. एकोले गावातून तासाभरात माथ्यावर जाता येते. उतरताना करवंदे खाण्याच्या नादात भाच्याचा पाय वाळलेल्या काटेरी फांदीवर पडला. काटा चपलेच्या रबरातून आरपार गेला आणि टाचेत मोडला. पोराने टाहो फोडला. पाय टेकवेना. ऊन कलायला लागले होते आणि गाडी खाली गावात.

मग आमचे उपाय सुरू झाले. नखाने ओढून झाले, बायकोच्या ओढणीची पिन झाली. काट्याने काटा काढावा म्हणतात, तेही करून पाहिले. काटा आणखी आत गेला. आता गंमत पाहा. माझ्याकडे साधन नव्हते असे नाही. पक्कड, करवत, तीन स्क्रूड्रायव्हर, दोन सुऱ्या असे सारे एकात असलेले, पाव किलोच्या आसपास वजनाचे एक झकास परदेशी हत्यार मी हौसेने घेतले होते. ते गाडीच्या डिकीत होते. खिशात टोचते म्हणून काढून ठेवले होते.

तेवढ्यात गुरे घेऊन एक आजोबा आले. कमरेला आकडी, आकडीत कोयता. त्यांनी पोराची टाच पाहिली. कोयत्याला हातही लावला नाही. धोतराच्या आतून करगोटा पुढे ओढला. त्याला एक कडी होती आणि कडीत तीन काड्या: कानकोरणे, दातकोरणे आणि बोटाच्या दोन पेरांएवढा चिमटा. काडी पेटवून त्यांनी चिमट्याचे टोक शेकले, टाच दाबली आणि काटा अलगद बाहेर काढला. सगळे मिळून मिनिटभराचे काम.

“माझ्याकडेही आहे तसलं, पण गाडीत राहिलं,” मी ओशाळून म्हणालो.

“हत्यार घरी ठेवून रानात आलात व्हय, सायेब?” आजोबा हसले आणि गुरांमागे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि प्रकरण मिटले. माझ्या डोक्यातून मात्र ते वाक्य गेले नाही.

कडीतल्या तीन काड्या

‘एकात अनेक’ हत्यार ही काही साहेबाची देणगी नव्हे. आपल्या स्वयंपाकघरातली विळी पाहा. पात्यावर भाजी चिरायची आणि टोकाच्या खोवणीवर नारळ खोवायचा. शिवाय पाटावर पाय रोवला की दोन्ही हात मोकळे. पूर्वी शेतकऱ्याच्या चंचीत पान, सुपारी, चुना, तंबाखू आणि अडकित्ता असे, कुणाकडे चकमकही असे. एका पिशवीत सारा दिवस मावायचा. तिकडे केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातले एक रोमन हत्यार आहे. चमचा, काटा, सुरी, कोरणे असे सगळे एकाच चांदीच्या दांड्यात घडी होऊन बसते. माणसाची गरज जुनीच आहे.

आज ज्याला आपण सर्रास ‘स्विस नाइफ’ म्हणतो, त्याची कथा १८८४ साली सुरू होते. कार्ल एल्सनर या कारागिराने स्वित्झर्लंडमधल्या इबाख या गावी सुऱ्या-कात्र्यांची कार्यशाळा काढली. त्यांच्या सैन्याला लागणारे घडीचे चाकू तेव्हा जर्मनीतून येत. ते आपल्याच देशात व्हावेत म्हणून एल्सनरने खटपट केली आणि १८९१ मध्ये सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. शिपायाचा हा चाकू दणकट होता, पण जड. म्हणून १८९७ मध्ये त्याने अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू काढला. त्यातली खुबी पाठीच्या स्प्रिंगमध्ये होती. एकाच स्प्रिंगवर दोन्ही बाजूंची पाती पेलायची, म्हणजे सहा पात्यांना दोनच स्प्रिंगा पुरतात. जाडी कमी, वजन कमी. पुढे १९०९ मध्ये आई वारली तेव्हा तिचे व्हिक्टोरिया हे नाव त्याने मालाला दिले. १९२१ मध्ये न गंजणारे पोलाद आले, त्याचे ‘इनॉक्स’ त्या नावाला जोडले गेले आणि व्हिक्टोरिनॉक्स हे नाव तयार झाले.

पक्कड असलेल्या हत्याराचा जनक अमेरिकेतला टिम लेदरमन. १९७५ मध्ये तो बायकोबरोबर एका जुन्या, सतत बिघडणाऱ्या फियाट गाडीतून युरोप हिंडत होता. खिशात चाकू होता, पण दर मुक्कामी वाटे, सोबत पक्कड असती तर! घरी परतून त्याने तसे हत्यार बनवायला घेतले. ते बाजारात यायला १९८३ साल उजाडले. यावरून एक लक्षात येते. दोघांचीही सुरुवात एका नेमक्या अडचणीतून झाली. आपण मात्र अडचण न पाहता पात्यांची संख्या मोजत बसतो.

आठवडाभराची यादी

घनगडाहून आल्यावर मी एक उद्योग केला. आठवडाभर खिशात चिठ्ठी ठेवली आणि ‘आत्ता काहीतरी हवे होते’ असे वाटले की टिपून ठेवले. यादी अशी झाली: दुधाची पिशवी, पार्सलची चिकटपट्टी, शर्टाचा लोंबणारा दोरा (दोनदा), औषधाचे पाकीट, चष्म्याचा सैल स्क्रू, बोटात गेलेले लाकडाचे कुसळ, मोडलेले नख, प्रवासात पेरू. करवत लागली नाही. पक्कड एकदाच आठवली, तीही घरी, जिथे खरी पक्कड हाताशी होतीच.

या यादीत पहिला नंबर कात्रीचा. नंतर लहान पाते, मग चिमटा आणि बारीक स्क्रूड्रायव्हर. ही चार कामे करणारे सर्वांत लहान हत्यार अवघे ५८ मिलिमीटर लांबीचे आणि वीस-बावीस ग्रॅम वजनाचे मिळते. लेदरमननेही १९९६ मध्ये पकडीऐवजी कात्री मुख्य ठेवून एक लहान हत्यार काढले होते. किल्ल्यांच्या जुडग्यात ते राहते आणि किल्ल्या कुणी डिकीत विसरत नाही.

तुमची यादी निराळी असेल. वायरमनला पक्कड लागेल, शिक्षिकेला कात्री, सायकलवाल्याला पाने. बुचाच्या बाटल्या आपल्या घरात क्वचितच येतात. पण मोठ्या चाकूतले बूच काढायचे मळसूत्र नाडीची निरगाठ सोडवायला फार उपयोगी पडते, हे अनुभवाने सांगतो. आधी यादी, मग खरेदी, एवढेच सूत्र.

दुकानात गेल्यावर चार गोष्टी पाहाव्यात. पाते उघडून डावीकडे-उजवीकडे हलवावे. खिळखिळे असेल तर परत ठेवावे. उघडताना आणि मिटताना स्पष्ट ‘टक्’ असा आवाज यावा. कात्रीने पातळ कापड टोकापर्यंत कापून पाहावे. नकली मालाची कात्री कापड चावते, कापत नाही. आणि आपल्या नखाने पाते उघडते का, हे ज्याच्यासाठी घ्यायचे त्यानेच पाहावे. आजीसाठी घेतलेला चाकू नातवालाच उघडता येत असेल तर काय उपयोग? हेही ध्यानात ठेवा की अशा लहान चाकूंना बहुधा कुलूप नसते. पात्याच्या पाठीवर जोर पडला तर ते बोटावर मिटते. त्याने भोसकू नये, उचकटू नये.

आपल्याकडच्या पावसाळ्यात, त्यातून मुळशी-ताम्हिणीच्या पावसात, न गंजणारे पोलादही बिजागरीत कुरकुरते. महिन्यातून एकदा कोमट पाण्याने धुवावे, पूर्ण वाळवावे आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा. धार घरीच बारीक दगडावर लावावी. रस्त्यावरच्या धारवाल्याचे चाक विळीला ठीक. इवल्या पात्याचे ते निम्मे आयुष्य खाते.

हत्यार आणि हत्यार

आता थोडी अवघड गोष्ट. मराठीत सुताराची पटाशी हे हत्यार आणि गुंडाच्या हातातला सुरा हेही हत्यारच. मावळातल्या लोहाराने गाडीच्या पाट्यातून घडवलेला, पाणी पाजलेला कोयता मुळशीच्या शेतकऱ्याच्या कमरेला असतो. तो सरपण तोडतो, कुंपण सावरतो, वाट मोकळी करतो. त्याला पाहून कुणी घाबरत नाही. तोच कोयता पुण्याच्या रस्त्यांवर पोरासोरांनी परजला, ‘कोयता गँग’ हा शब्द वर्तमानपत्रांत रोजचा झाला आणि २०२३ च्या सुरुवातीला कोयता विकत घ्यायला आधार कार्ड दाखवायची वेळ आली. लोखंड तेच, लोहारही तोच. बदलला तो फक्त धरणारा हात.

म्हणून कायदा माहीत असलेला बरा. शस्त्रविषयक नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारे मोडतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि कारखान्याच्या कामाची त्यातून वगळली आहेत. आपला बोटभर चाकू त्या मापाच्या आसपासही नाही. तरी बंदोबस्ताच्या दिवसांत पोलिसांचे मनाई आदेश असतात, तेव्हा सभा-मिरवणुकीला जाताना तो घरी ठेवावा. विमानप्रवासात तो आत जाणाऱ्या सामानात टाकावा. २००१ मधल्या अमेरिकेतल्या हल्ल्यांनंतर विमानात चाकूला बंदी आली आणि स्विस चाकूंची विक्री एकदम घसरली होती. माझा एक चाकू असाच विमानतळावरच्या टोपलीत पडला. चूक माझीच.

मुलांच्या हाती चाकू द्यावा का, असे आई-बाप विचारतात. माझे उत्तर, शिकवून द्यावा. आमची आजी भाजी झाली की विळी आडवी करूनच उठत असे, आणि ‘सुरी देताना मूठ पुढे’ हे तिने पाढ्यांइतकेच घोटून घेतले होते. बसून कापायचे, पाते अंगापासून दूर न्यायचे, काम झाले की लगेच मिटायचे. शाळेत न्यायचा नाही आणि चिडलेले असताना हातात घ्यायचा नाही. एवढे जमते त्या मुलाला चाकू द्यायला हरकत नाही. ज्याला जमत नाही, त्याचे वय कितीही असो, थांबावे.

यंदा खंडेनवमीला आमच्याकडे विळी, हातोडी, शिवणयंत्र आणि भाच्याची पट्टी-कंपास यांच्या शेजारी तो लहानसा लाल चाकूही पाटावर होता. भाच्याने त्याला झेंडूचे फूल वाहिले आणि लगेच उचलून चिमटा बाहेर ओढून पाहिला.

“मामा, पुढच्या वेळी गडावर हा माझ्या खिशात,” तो म्हणाला.

डिकीतले मोठे हत्यार अजून डिकीतच आहे.