बॉल पायथनच्या पेटीतली ऊब आणि उजेड

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर. (आपल्याकडचे साप घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याविरुद्ध आहे, तेव्हा हे त्यांच्यासाठी नाही.) साप जागा बदलून अंग तापवतो नि निववतो. म्हणून सगळी पेटी सारखी गरम करू नका. एका टोकाला ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, दुसऱ्या टोकाला २५-२६, आणि लपायला आडोसा दोन्हीकडे हवाच. उबेच्या बाजूला आडोसा नसेल तर बुजरा साप गार कोपऱ्यात बसून राहतो आणि खाल्लेलं नीट पचत नाही.

थर्मोस्टॅटशिवाय हीटर नकोच, यावर मी अडून बसते. हीट मॅट वापरत असाल तर थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) मॅट आणि पेटीचा तळ यांच्यामध्ये पक्का चिकटवा. तो सुटला की मॅट तापतच जाते, आणि चटका बसत असतानाही साप बरेचदा तिथून हलत नाही. पोटाचे खवले भाजतात. वरून दिवा लावलात तर त्याला जाळी घाला.

दिवसा साधारण १२ तास उजेड, रात्री पूर्ण अंधार. रात्रीसाठी लाल बल्ब घेऊ नका. उजेड न देणारा सिरॅमिक हीटर घ्या. काचेवर चिकटवायच्या काट्याच्या थर्मामीटरपेक्षा डिजिटल प्रोब कितीतरी विश्वासाचा.