भाडे ठरले, जबाबदारी कोणाची?

नाशिक जिल्ह्यातील बागाईतदार द्राक्षाच्या घडासाठी वर्षभर राबतो. मात्र परदेशी जाणारा हा घड एकदा बागेतून निघाला की त्याचे भवितव्य इतरांच्या हाती जाते. प्रतवारीगृह, शीतगृह, प्रशीतित मालमोटार, बंदरावरील मुखत्यार व शेवटी जहाज, असा त्याचा प्रवास असतो. काढणीनंतर 4 ते 6 तासांच्या आत माल पूर्वशीतकरणात जावा व पुढे तापमान 0 अंश सेल्सिअसच्या आसपास टिकावे, ही ह्या प्रवासाची मुख्य अट होय. ती वाटेत कोठेही मोडली तरी परिणाम पेटी उघडल्यावरच दिसतो. तोपर्यंत दोष कोणाचा, हे सांगणे अवघड होऊन बसते.

पूर्वी ह्या प्रश्नाचे स्वरूप निराळे होते. 1991 साली स्थापन झालेल्या महाग्रेप्समध्ये बागाईतदारांच्या सहकारी संस्था एकत्र आल्या आणि पूर्वशीतकरणाच्या सोयी संस्थांनी स्वतः उभ्या केल्या. पुढे 2002 च्या कायदा-दुरुस्तीने शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी स्थापन करण्याचा मार्ग मोकळा झाला. अशा प्रत्येक लहान कंपनीस शीतगृह व मालमोटारी घेणे परवडत नाही. म्हणून साठवण, वाहतूक व बंदरावरील कागदपत्रे ही सर्व कामे बाहेरच्या लॉजिस्टिक्स कंपनीवर सोपविण्याकडे कल वाढत आहे.

हा कल केवळ आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेत 1996 पासून प्रा. जॉन लँगली यांच्या पुढाकाराने माल पाठविणारे व ही सेवा पुरविणारे यांच्या परस्परसंबंधांची पाहणी होत आली आहे. हे संबंध बहुतांशी समाधानाचे आहेत, असे तीत दिसून आले. परंतु माल कोठे आहे व कोणत्या स्थितीत आहे, ही माहिती मिळण्याबाबत मालधन्यांच्या अपेक्षा पुऱ्या होत नाहीत, असेही वारंवार आढळले. ह्यावरून बोध असा की, काम दुसऱ्यावर सोपविता येते, मात्र त्यावरील देखरेख सोपविता येत नाही.

कायदा काय सांगतो

भाडे घेऊन सर्वांचा माल वाहणाऱ्या मोटार-वाहतूकदारांस मालवाहतूक कायदा, 2007 लागू आहे. जुन्या 1865 च्या कायद्याची जागा त्याने घेतली. ह्यातील तीन गोष्टी प्रत्येक गटाने ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, नुकसानभरपाईची मर्यादा. 2011 च्या नियमांनुसार ही मर्यादा सामान्यतः भाड्याच्या दहा पट असते. समजा, भाडे 8,000 रुपये व माल 4 लाख रुपयांचा आहे. सर्व माल नासला तरी वाहतूकदाराची जबाबदारी 80,000 रुपयांपुरतीच राहील. अधिक किंमत जाहीर करून जास्त जोखमीचा दर भरल्यास ही मर्यादा वाढविता येते. तसे करावयाचे नसेल तर मालाचा प्रवास-विमा उतरविणे इष्ट होय.

दुसरी, विलंबाची मुदत. माल किती दिवसांत पोहोचवावयाचा, हे मालपाठवणी-पत्रात लिहून घ्यावे. नुसत्या तोंडी आश्वासनावर विलंबाची भरपाई मागणे कठीण जाते.

तिसरी, लेखी नोटीस. माल हरवला वा खराब झाला तर बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत वाहतूकदारास लेखी कळविले पाहिजे, एरवी दावा लावता येत नाही. म्हणून बिल्टीची प्रत हंगाम संपला तरी जपून ठेवावी.

करार कसा असावा

दर खेपेस जो स्वस्त पडेल त्याची गाडी लावण्याऐवजी संपूर्ण हंगामाचा करार करणे हितावह असते. वाहतूकदारास कामाची शाश्वती मिळते आणि ऐन काढणीत गाडीसाठी धावाधाव होत नाही. मात्र त्यासाठी आपल्या बाजूचीही शिस्त हवी. ठरल्या दिवशी माल तयार नसेल व गाडी ताटकळत उभी राहिली, तर खोळंब्याचा आकार मागण्याचा वाहतूकदारास हक्क पोहोचतो. त्याचा दरही आधीच ठरवावा.

माल जेथे जेथे हात बदलतो, तेथे तेथे पेट्यांची संख्या, तापमान व वेळ लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. कंटेनरमध्ये तापमान नोंदविणारे लहान यंत्र ठेवावे व त्याची नोंद आपणांस मिळावी, अशी अट घालावी. असे केल्यास वाद नोंदीवर मिटतो आणि निर्दोष वाहतूकदारावर विनाकारण ठपका येत नाही.

अनपेक्षित अडचणींचाही विचार व्हावा. तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे डिसेंबर 2023 पासून अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. युरोपचा प्रवास सुमारे दोन आठवड्यांनी लांबला, भाडेही वाढले आणि 2024 च्या द्राक्ष हंगामाला त्याची झळ बसली. असा वाढीव खर्च कोणी व किती सोसावयाचा, हे हंगामापूर्वी ठरलेले असावे. माल समुद्रात असताना ही घासाघीस करण्याइतके बळ लहान गटाजवळ नसते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी काढणीपूर्वी गटाची एक बैठक घ्यावी. मागील हंगामाच्या बिल्ट्या व करार तीत वाचून दाखवावेत आणि किंमत, मुदत, तापमान व वाढीव खर्च ह्या चार बाबी लिहिल्या आहेत की नाहीत, ते सर्वांसमक्ष तपासावे. जी बाब राहिली असेल ती नव्या करारात घातल्यावाचून पहिली गाडी भरू नये.