चीनमधली महागडी गाडी आणि बाबांचा प्रश्न

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे. २०१९च्या फेब्रुवारीत बाबा नव्या सीएनसी मशीनसाठी कर्ज काढायच्या विचारात होते. त्याच सुमारास पेपरात बातमी आली : टाटा मोटर्सला एका तिमाहीत सुमारे २७ हजार कोटींचा तोटा. जग्वार लँड रोव्हरच्या मालमत्तेचं मूल्य घटवावं लागलं होतं, आणि चीनमधली घसरलेली विक्री हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

"चीनमधल्या श्रीमंतानं गाडी घेतली नाही, तर तोटा इथं कसा रे?" बाबांनी विचारलं. मला नीट सांगता आलं नाही. मग मी मुळापासून वाचायला घेतलं.

१ जुलै २०१८ रोजी चीननं परदेशी गाड्यांवरचं आयात शुल्क २५ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणलं. पण अमेरिकेनं चिनी मालावर शुल्क लावताच, ६ जुलैला, चीननं अमेरिकेत बनलेल्या गाड्यांवर जादा २५ टक्के लावले. एकूण ४० टक्के! फटका जर्मन कंपन्यांनाही बसला. कारण शुल्क गाडीवरचा बिल्ला बघत नाही, ती कुठं बनली ते बघतं. बीएमडब्ल्यूची एक्स-५ साउथ कॅरोलायनात, तर मर्सिडीजच्या मोठ्या एसयूव्ही अलाबामात बनून चीनला जात होत्या. बीएमडब्ल्यूला तिथं किमती वाढवाव्या लागल्या.

जग्वार लँड रोव्हरच्या ब्रिटनमधून येणाऱ्या गाड्यांवर हे जादा शुल्क नव्हतंच. तरी विक्री घटली. आधी शुल्क कमी होणार म्हणून गिऱ्हाईक थांबलं, नंतर व्यापारयुद्धात पुढं काय होईल या धास्तीनं थांबलं. महागडी गाडी म्हणजे डाळ-तांदूळ नव्हे. जुनी आणखी वर्षभर चालवता येते.

जानेवारी २०१९पासून चीननं ते जादा शुल्क स्थगित केलं. पण कंपन्यांनी धडा घेतला होता. २०२२मध्ये बीएमडब्ल्यूनं चिनी गिऱ्हाइकांसाठीची एक्स-५ शेनयांगमध्येच बनवायला सुरुवात केली. अर्थात, सगळा दोष शुल्काचा नाही. पोर्शची चीनमधली विक्री २०२१मधल्या सुमारे ९६ हजारांवरून २०२४मध्ये ५७ हजारांवर आली, ती मुख्यतः तिथली मंदी आणि स्वस्त, चांगल्या चिनी इलेक्ट्रिक गाड्यांमुळं.

बाबांनी त्या वर्षी कर्ज काढलं नाही, जुन्या मशीनवरच काम रेटलं. आता नवी ऑर्डर आली, की दर ठरवण्याआधी ते एवढंच विचारतात, "हा पार्ट शेवटी कुठल्या देशातल्या गाडीत बसणार?"

तुमच्याही घरात कुणी नोकरी, धंदा किंवा शेअर्सचा विचार करत असेल, तर हा प्रश्न विचारून बघा.