सुटीतले पुस्तक कोणी निवडायचे?

मुंबईच्या पूर्व उपनगरांच्या उत्तर टोकाला असलेल्या मुलुंडमध्ये एप्रिल-मे महिन्यांत दोन निरनिराळी शालेय वेळापत्रके शेजारीशेजारी चालत असतात. राज्य मंडळाच्या शाळांचे निकाल साधारणपणे महाराष्ट्र दिनाच्या सुमारास लागतात आणि त्यांची सुटी जूनच्या मध्यापर्यंत चालते. केंद्रीय मंडळांशी संलग्न असलेल्या बहुतेक शाळांतील मुले मात्र एप्रिलमध्येच पुढच्या इयत्तेत बसून, नव्या पुस्तकांतले दोन-चार धडे उरकून मग सुटीवर जातात. वेळापत्रक कोणतेही असले, तरी चौथी ते सातवीतील, म्हणजे साधारण नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांच्या घरी पोहण्याचा वर्ग, छंदशिबिर आणि गावाकडची फेरी यांच्या जोडीला वाचनाचाही विषय निघतोच, आणि त्याचा निकाल बहुधा आई-वडील स्वतःच्या बालपणीच्या आठवणीतून किंवा शेजारच्या हुशार मुलाकडे पाहून लावून टाकतात. ज्याला ते पुस्तक वाचायचे आहे, त्याला या व्यवहारात क्वचितच विचारले जाते.

हे वय वाचनाच्या दृष्टीने नाजूक मानले जाते. जीन चॉल या अमेरिकी अभ्यासिकेने १९८३ मध्ये वाचनाच्या विकासाचे टप्पे मांडले. त्यांनुसार पहिली दोन-तीन वर्षे मूल अक्षरांची उकल करायला, म्हणजे लिखित चिन्हांवरून उच्चार ओळखायला शिकते आणि चौथीच्या आगेमागे 'वाचायला शिकणे' मागे पडून 'शिकण्यासाठी वाचणे' सुरू होते. आतापर्यंत ओळखीच्या शब्दांचीच उकल करणाऱ्या मुलापुढे या टप्प्यावर अनोळखी, अमूर्त आणि ग्रांथिक शब्दांची गर्दी होते; ज्याचा शब्दसंग्रह तुटपुंजा असतो ते मूल अडखळू लागते आणि अडखळणे टाळण्यासाठी वाचनच टाळू लागते. या प्रकाराला चॉल यांनी चौथीतली घसरण असे म्हटले.

मुलुंडच्या मराठी घरांत या घसरणीला आणखी एक पदर आहे. तेथील कितीतरी मुले घरी मराठी बोलतात, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकतात आणि मराठी हा एक विषय म्हणून वाचतात. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची केल्याने अक्षरओळखीची हमी मिळाली असली, तरी आठवड्यातील मोजक्या तासिकांमध्ये वाचनाचा वेग येत नाही. आजीच्या तोंडून रामायणातली किंवा भुताखेतांची गोष्ट ऐकताना पाचवीतल्या मुलाला सगळे कळते, पण तीच गोष्ट छापील पानावर आली की जोडाक्षरांशी झुंजताना त्याची दमछाक होते. म्हणजे त्याचा कान पाचवी-सहावीचा असतो आणि डोळा दुसरी-तिसरीचा. वयोगट पाहून पुस्तक आणले तर ते डोळ्याला जड जाते, आणि डोळ्याला झेपेल असे ठळक टायपातले चिमणी-कावळ्याचे पुस्तक आणले तर मुलाला तो स्वतःचा अपमान वाटतो. 'मुलांना मराठी वाचायला आवडत नाही' या नेहमीच्या तक्रारीच्या मुळाशी नावडीपेक्षा हीच तफावत अधिक असते.

सुटीतील वाचनाचा पद्धतशीर विचार अमेरिकेत झाला आहे, कारण तेथील उन्हाळी सुटी लांब असते. बार्बरा हेन्स यांनी अटलांटा शहरातील मुलांचा अभ्यास करून १९७८ मध्ये असे दाखवले की गरीब आणि सुस्थितीतील मुलांमधील अंतर शाळा चालू असताना फारसे वाढत नाही, ते सुटीत वाढते. आणि सुटीत सहा किंवा अधिक पुस्तके वाचणारी मुले, कोणत्याही आर्थिक गटातील असली तरी, न वाचणाऱ्यांपेक्षा पुढे राहतात. घरापासून सार्वजनिक ग्रंथालय किती दूर आहे, यालाही या अभ्यासात महत्त्व आढळले. ही सुटीतील घसरण खरोखर किती मोठी असते याबद्दल पुढील संशोधकांनी शंका घेतल्या आहेत, आणि त्या रास्त आहेत, कारण असे मोजमाप चाचण्यांच्या स्वरूपावर बरेच अवलंबून असते. निवडीच्या प्रश्नावर मात्र रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रॅन्झन यांचा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग अधिक बोलका आहे. त्यांनी फ्लोरिडातील गरीब वस्त्यांच्या शाळांतील मुलांना सलग तीन उन्हाळे दरवर्षी बारा पुस्तके दिली, आणि ती शिक्षकांनी नेमून न देता पुस्तकांच्या जत्रेत मुलांनाच निवडू दिली. मुलांनी उचलली ती पुस्तके कोणत्याही शिफारसयादीत शोभली नसती. त्यांत गाणाऱ्या तारकांची चरित्रे आणि दूरचित्रवाणीवरील पात्रांच्या कथा होत्या. तरीही तीन वर्षांनंतर या मुलांचे वाचन, पुस्तके न मिळालेल्या मुलांपेक्षा निश्चितपणे सुधारलेले दिसले.

या प्रयोगाचा अर्थ मोठ्यांनी हात झटकून मोकळे व्हावे असा नाही. मुलापुढे कोणती पन्नास पुस्तके पसरायची हे मोठ्यांनी ठरवायचे आणि त्या पन्नासांतली पाच मुलाने उचलायची, अशी ही विभागणी आहे. ती पाळायची तर पुस्तके आधी दिसावी लागतात, हाताळता यावी लागतात. ग्रंथपालनाच्या परिभाषेत वाचकाला थेट कपाटापर्यंत जाऊ देणाऱ्या व्यवस्थेला मुक्तद्वार पद्धत म्हणतात. अनेक जुन्या वाचनालयांत मात्र अजूनही यादीतून क्रमांक हेरून चिठ्ठी खिडकीवर द्यावी लागते, आणि दहा वर्षांचे मूल यादी पाहून पुस्तकाच्या प्रेमात पडण्याची शक्यता जवळजवळ नसते. मुलुंड पश्चिमेला महाराष्ट्र सेवा संघाचे ग्रंथालय आहे आणि एकाच स्थानकाच्या अंतरावर, ठाण्यात, १८९३ मध्ये स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. अशा ठिकाणी पालकाने स्वतःच्या सभासदत्वावर पुस्तक आणून मुलाच्या हाती ठेवण्याऐवजी मुलालाच बरोबर न्यावे, बालविभागात अर्धा-पाऊण तास मोकळे सोडावे आणि त्या वेळात स्वतः दुसऱ्या कपाटाकडे तोंड करून उभे राहावे. विकतच घ्यायचे असेल, तर लोकलने दादरला जाऊन आयडियलसारख्या दुकानात चाळून घेणे हे संगणकावर मागवण्यापेक्षा या वयात फलदायी ठरते, कारण पडद्यावर केवळ मुखपृष्ठ दिसते आणि पान उलटता येत नाही.

पन्नास पुस्तकांचा हा पसारा मांडताना मराठी बालसाहित्याचा एक जुना कल ध्यानात घ्यावा लागतो. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये 'बालबोध' हे मासिक सुरू केले तेव्हापासून मुलांचे वाङ्मय म्हणजे उपदेशाचे वाहन अशी समजूत रुजली, आणि 'संस्कारक्षम' या विशेषणाखाली ती आजही दुकानांत भरपूर विकली जाते. बोधकथांच्या या पुस्तकांत कथा लहान आणि तात्पर्य मोठे असते. मुले ते चटकन ओळखतात आणि तात्पर्य सोडून वाचतात, हे त्यांच्या वाचकपणाचे चांगलेच लक्षण आहे. भा. रा. भागवत यांनी हा कल मोडला. त्यांचा बनेश फेणे, म्हणजेच फास्टर फेणे, फुरसुंगीहून पुण्याच्या शाळेत आलेला एक किडकिडीत मुलगा आहे. तो कोणाचा आदर्श होण्याच्या फंदात न पडता सायकल दामटतो, संकटात उडी घेतो आणि सुटून येतो. कथेचा वेग आणि संवादांची भरपूर पेरणी यांमुळे ज्या मुलाचा मराठी वाचनाचा सराव कच्चा आहे, त्यालाही ही पुस्तके पेलतात. शिवाय ही मालिका आहे. मालिकेची शक्ती मोठ्यांना बहुधा जाणवत नाही. पहिल्या पुस्तकात पात्रे, त्यांच्या लकबी आणि लेखकाची शब्दकळा यांची ओळख झाली की दुसऱ्या पुस्तकात वाचकाचे निम्मे ओझे उतरलेले असते, आणि एकाच मालिकेची आठ पुस्तके ओळीने वाचणारे मूल तेच ते वाचत नसून नकळत वेग कमावत असते. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे किंवा सत्यजित राय यांचा मराठीत आलेला फेलूदा यांचे काम याच जातीचे आहे.

आई-वडिलांच्या आठवणीतली पुस्तके, विशेषतः 'श्यामची आई' आणि ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या', यांबाबत थोडा वेगळा विचार हवा. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यातले कोकण, त्यातली गरिबी आणि त्यातले शब्द उपनगरातील गृहसंकुलात वाढणाऱ्या मुलाला आज तळटीपांशिवाय उमगणार नाहीत, आणि ते पुस्तक हातात देऊन 'वाच' म्हटले तर दहाव्या पानावर ते मिटले जाण्याचा संभव मोठा. पण त्याची रचना पाहिली तर श्याम आपल्या सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो आणि प्रकरणेही रात्रींच्या क्रमानेच येतात. म्हणजे हे पुस्तक मुळातच ऐकण्यासाठी घडलेले आहे. रोज रात्री घरातल्या मोठ्या माणसाने एक प्रकरण मोठ्याने वाचावे, अवघड शब्द वाचतावाचताच सोपा करून सांगावा, तर मुलाचा पुढे असलेला कान उपयोगी पडतो आणि पुस्तकी मराठीची वळणे त्याच्या कानावरून जातात. सातवीपर्यंतच्या मुलाला वाचून दाखवणे म्हणजे त्याला बाळ समजणे, हा समज सोडायला हवा. विंदा करंदीकर आणि मंगेश पाडगावकर यांच्या बालकविता तर मोठ्याने म्हटल्याशिवाय पुऱ्या होतच नाहीत.

नव्या पुस्तकांच्या शोधासाठी साहित्य अकादमीच्या बालसाहित्य पुरस्कारांचा आधार घेता येतो. २०१० पासून दिल्या जाणाऱ्या या पुरस्कारांत मराठीतून अनिल अवचटांचे 'सृष्टीत... गोष्टीत', ल. म. कडू यांचे 'खारीच्या वाटा', सलीम सरदार मुल्ला यांचे 'जंगल खजिन्याचा शोध', संगीता बर्वे यांचे 'पियूची वही' अशी एकमेकांपासून बरीच भिन्न पुस्तके आली आहेत. पुरस्कार परीक्षक देतात, मुले नव्हेत, एवढे भान ठेवले की झाले. ज्या मुलाला अजून स्वतःची आवड सापडलेली नाही, त्याच्यासाठी माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेले 'वाचू आनंदे' हे संच उपयुक्त आहेत. बालगट आणि कुमारगट अशा दोन पायऱ्यांवर मराठीतील निवडक उतारे चित्रांच्या संगतीने त्यांत मांडले असल्याने मूल कोठेही उघडून, आवडेल तेवढे वाचून पुढे जाऊ शकते, आणि ज्या लेखकाजवळ ते रेंगाळले त्याचे पुस्तक नंतर शोधता येते.

कथा-कादंबरी म्हणजेच वाचन, हाही एक पूर्वग्रह आहे. मुलुंडच्या पश्चिमेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत आणि पूर्वेला ठाण्याची खाडी, जिथे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उन्हाळ्यापर्यंत मुक्काम करून असतात. त्यामुळे बिबट्या, पक्षी, खारफुटी यांवरचे पुस्तक येथील मुलाला वर्णनाच्या पलीकडे जाऊन पडताळून पाहता येते. गोष्टीत न रमणारी कित्येक मुले अशा माहितीपर पुस्तकांत, यंत्रांच्या आकृत्यांत, क्रिकेटच्या आकडेवारीत किंवा चित्रकथांत तासन् तास डोके घालून बसतात आणि घरचे त्याला वाचन मानत नाहीत. सहावी-सातवीच्या मुलाला जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा आणि वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' ही दोन्ही टोके एकाच सुटीत मिळायला हरकत नाही.

खर्चाची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. बालभारतीने नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू केलेल्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात, आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या खुल्या मंचावर वाचनपातळीनुसार लावलेली मराठी पुस्तके आहेत. येथे वाचनपातळी म्हणजे मुलाचे वय नव्हे; वाक्यांची लांबी आणि शब्दांचे काठिण्य यांवरून पुस्तकाला दिलेली ती पायरी असते. मुंबईतील मराठी कुटुंबे मे महिन्यात कोकणात किंवा घाटावर गावी जातात तेव्हा मात्र भ्रमणध्वनीवरील पुस्तकापेक्षा पातळ, मळले तरी चालेल असे छापील पुस्तकच बरे पडते.

पुस्तक झेपेल की नाही हे पाहण्याची सोपी रीत अशी, की मुलाने मधलेच एखादे पान उघडून वाचावे आणि न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडावे. पाचही बोटे दुमडली गेली तर ते पुस्तक तूर्त एकट्याने वाचण्याजोगे नाही, मोठ्याने वाचून दाखवण्याजोगे आहे. ही रीत ढोबळ आहे, आणि क्रिकेटवेड्या मुलाला क्रिकेटचे कठीण पुस्तकही पचते हे तिला कळत नाही. पण परीक्षा न वाटता मुलाला ती स्वतःची स्वतः करता येते, म्हणून ती उपयोगी. वाचून झाल्यावर सारांश लिहून घेणे, प्रश्न विचारणे, पाने मोजणे हे प्रकार सुटीत टाळावेत. फ्रेंच लेखक आणि शिक्षक दानिएल पेनाक यांनी १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले, त्यांत न वाचण्याचा, पाने गाळण्याचा आणि पुस्तक अर्धवट सोडण्याचाही हक्क आहे. पैसे देऊन घेतलेले पुस्तक अर्धे सोडलेले मराठी मध्यमवर्गीय घरात खपत नाही, म्हणून तर ग्रंथालयाचे पुस्तक अधिक मोलाचे: ते परत करताना कोणाचे काही बुडत नाही.

बाराव्या-तेराव्या वर्षी काही मुले बालविभाग ओलांडून मोठ्यांच्या कपाटापाशी घुटमळू लागतात. प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'मधला लंपन त्यांच्याच वयाचा आहे, पण त्या कथा मुलांसाठी म्हणून लिहिलेल्या नाहीत आणि त्यांतली बेळगावकडची कानडी वळणाची बोली मुंबईच्या मुलाच्या डोळ्याला पहिल्या पानावर अडवते. अशा वेळी पुस्तक काढून घेण्यापेक्षा पहिली कथा घरातल्या कोणीतरी वाचून दाखवावी आणि पुढची केव्हा वाचायची, या सुटीत की दोन सुट्यांनंतर, ते त्या मुलावर सोडावे.