कुंड्यांचा जलतरंग

स्वयंपाकघरातून काचेचा एक ग्लास आणि एक रिकामी बाटली घ्या. ग्लासच्या काठावर चमच्याने हलकेच वाजवा, थोडं पाणी ओता, पुन्हा वाजवा. सूर खाली उतरेल. आता बाटलीच्या तोंडावर फुंकर घाला आणि तिच्यातही पाणी वाढवत न्या. इथे सूर वर चढेल! पाणी तेच, परिणाम उलटा. ग्लास वाजवताना काचेची भिंत थरथरते. पाणी भरलं की तिला सोबत पाण्यालाही हलवावं लागतं, म्हणून कंपनं मंदावतात. बाटलीत मात्र कंप पावते ती आतली हवा, आणि पाण्यामुळे तिला जागा कमी उरते.

पहिला प्रकार म्हणजे आपला जलतरंग. तोच आपल्या या जर्मनीतल्या एका अवलियाने मातीच्या कुंड्यांवर वाजवला आहे.

श्टेफान मिकुस १९५३ साली श्टुटगार्टमध्ये जन्मला. वयाच्या सोळाव्या वर्षी तो पहिल्यांदा पूर्वेकडे गेला. पुढे बनारसला सतार शिकला, जपानमध्ये शाकुहाची ही बांबूची बासरी शिकला. म्युनिकच्या ईसीएमने त्याच्या ध्वनिमुद्रिका वर्षानुवर्षं काढल्या आहेत. १९८२च्या 'विंग्ज ओव्हर वॉटर'मध्ये पाण्याने सुरात लावलेल्या कुंड्या आहेत, आणि त्यांच्या जोडीला पश्चिम आशियातली 'ने' ही बासरी आणि बव्हेरियाची झिथर.

यात विशेष काय? तर 'पूर्व-पश्चिम संगम' म्हटलं की बहुतेक वेळा सतारीच्या मागे पियानो ठेवला जातो, आणि तिथेच गणित अडतं. समजा तुमचा सा २४० हर्ट्झचा आहे. तानपुऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, त्याचं साशी नातं ५:४ असं असतं, म्हणजे ग ३०० हर्ट्झवर येतो. पियानोत मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, म्हणजे कुठलीही पट्टी सा धरून वाजवता येते. या सोयीची किंमत अशी की तिथला ग येतो सुमारे ३०२.४ हर्ट्झवर. दोन्ही ग एकत्र वाजले की आवाज सेकंदाला दोन-अडीच वेळा लहान-मोठा होतो. यालाच विस्पंद म्हणतात. पंचमाचं मात्र फारसं बिघडत नाही: ३६० आणि ३५९.६!

कुंडीला पट्ट्या नसतात. थोडं पाणी कमी-जास्त केलं की ती दोन पट्ट्यांच्या मधल्या सुरावरही येते. शिवाय मिकुस स्टुडिओत थरावर थर चढवत सगळी वाद्यं स्वतःच वाजवतो, त्यामुळे कुणी कुणाच्या सुरात यायचं हेही तोच ठरवतो. कुठल्याच परंपरेला दुसरीच्या मापाचे कपडे घालावे लागत नाहीत.

असाच प्रयोग त्याने दगडांवर केला. शिल्पकार एल्मार डाउखरने खोल चिरा पाडून घडवलेले दगड ओल्या हाताने घासले की गातात. १९८९ साली आलेल्या 'द म्युझिक ऑफ स्टोन्स'चं ध्वनिमुद्रण उल्मच्या भव्य चर्चमध्ये झालं, कारण तिथे प्रत्येक सूर बराच वेळ रेंगाळतो. हंपीच्या विठ्ठल मंदिरातले वाजणारे खांब पाहिलेत ना? मग उल्मचा मनोरा चढून झाला की खाली आत येऊन थोडा वेळ शांत बसा.

हे सगळं सांगायचं कारण आपल्या घरातच आहे. मुलगी आठवडाभर पियानो वाजवते आणि रविवारी व्हिडिओ कॉलवर आजीला सारेगम म्हणून दाखवते. आजी म्हणते, "गंधार जरा चढतोय गं." मुलगी पियानोची पट्टी दाबून म्हणते, "नाही, बरोबर आहे!" अशा वेळी कुणाला चूक ठरवू नका. पियानो बंद करा, तानपुरा लावा आणि तिला तो ग स्वतःच्या कानांनी शोधू द्या. मग पुन्हा पियानो उघडा. मधलं ते २.४ हर्ट्झचं अंतर तिला एकदा ऐकू आलं, की दोन्ही घरं तिची झाली.