एकच ‘सैराट’, चार कप्प्यांत

‘सैराट’मध्ये गाणी चारच. ‘याड लागलं’ अजय गोगावले यांचं, ‘आताच बया का बावरलं’ श्रेया घोषाल यांचं, ‘सैराट झालं जी’ चिन्मयी आणि अजय यांचं, ‘झिंगाट’ अजय-अतुल या जोडीचं. ही चार गाणी कॉम्प्युटरवरच्या एखाद्या जुन्या म्युझिक प्लेअरला द्या. गायकाच्या नावावरून अल्बम लावणारा असेल, तर तो चार वेगवेगळे ‘सैराट’ मांडून बसेल.

गोम अशी, की एमपीथ्रीत गाण्याची ओळख असते, अल्बमची नसते. 1996 साली आलेला आयडीथ्री टॅग म्हणजे फाइलच्या शेपटाला जोडलेले अवघे 128 बाइट. त्यात गाणं, कलाकार आणि अल्बम यांच्या नावांना प्रत्येकी 30. देवनागरीचा तर विचारच नव्हता. पुढच्या आवृत्तीत चित्राची सोय झाली, पण तीही गाण्यागणिक. म्हणजे दहा गाणी असतील, तर तेच मुखपृष्ठ दहा वेळा साठवायचं.

मग प्रत्येक प्लेअरने आपापली वेगळी चूल मांडली. विंडोज मीडिया प्लेअर गाण्यांच्याच फोल्डरमध्ये ‘फोल्डर.जेपीजी’ लपवून ठेवायचा. आयट्यून्सने स्वतःच्या लायब्ररीत चित्रांचं वेगळं फोल्डर केलं. लिनक्सवर अमारोकची जागा निराळी, बॅन्शीची निराळी. प्लेअर बदलला, की मुखपृष्ठं पुन्हा गोळा करा!

लिनक्सवाल्यांनी यावर एक सामाईक संकेत सुचवला. होम फोल्डरमधल्या ‘.कॅश’च्या आत ‘मीडिया-आर्ट’ हे सगळ्यांचं फोल्डर. फाइलच्या नावात आधी ‘अल्बम’ हा शब्द, मग कलाकाराच्या नावाचा एमडीफाइव्ह, मग अल्बमच्या नावाचा. एमडीफाइव्ह हे गणित कोणत्याही मजकुराचं 32 चिन्हांत रूपांतर करतं, आणि तोच मजकूर दिला की उत्तरही तेच. त्यामुळे प्लेअरने प्लेअरला काही विचारायचं कारण नाही. नाव स्वतःच काढायचं आणि फाइल आहे का, ते बघायचं.

कल्पना झकास, पण ती माणसाच्या टायपिंगवर उभी आहे. एका गाण्यावर ‘अजय-अतुल’ आणि दुसऱ्यावर ‘अतुल-अजय’ लिहिलं, की 32 चिन्हं पार वेगळी. फोटोंच्या लघुचित्रांसाठी लिनक्सवर असाच संकेत आहे, आणि तो छान रुळला. कारण तिथे एमडीफाइव्ह काढतात तो फाइलच्या पत्त्याचा, आणि तो कोणी हाताने टाइप करत नाही. शिवाय कॅश म्हणजे केव्हाही पुसता येईल अशी जागा. तिथे नक्कल ठेवावी, अस्सल प्रत नव्हे.

अस्सल प्रतीची जागा गाण्यांशेजारीच. प्रत्येक अल्बमचं वेगळं फोल्डर करा आणि मुखपृष्ठ ‘कव्हर.जेपीजी’ नावाने त्यात टाका. बरेचसे प्लेअर ते आपसूक उचलतात. आणि टॅगमधला ‘अल्बम आर्टिस्ट’ हा रकाना रिकामा सोडू नका. मुळात वाद्यवृंदाचं नाव लिहिण्यासाठी असलेला हा रकाना प्लेअरवाल्यांनीच अख्खा अल्बम एका नावाखाली आणण्याच्या कामाला जुंपला. चारही गाण्यांवर तिथे ‘अजय-अतुल’ लिहा, अगदी त्याच स्पेलिंगने.